किंग हेन्रीज रोड, प्रिमरोज हिल : बाबासाहेब खरंच श्रीमंत वस्तीत राहत होते का?

फुलपात्र

आमच्या घरच्या वॉट्सॅप ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं. लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोडवरच्या घराचा फोटो आणि खाली मजकूर : 'बाबासाहेब लंडनच्या सर्वांत श्रीमंत वस्तीत राहून शिकले.' त्यावर आमच्या एका मामांनी लगेच टोमणा मारला, 'मग पैशांची एवढी ओढाताण होती म्हणता ती कशी?' दोन दिवस ग्रुप पेटलेला होता. शेवटी आत्याने कैरीच्या लोणच्याचा फोटो टाकला तेव्हा शांत झाला.

मी लंडनला सात वर्षं आहे, हॅरोकडे राहतो. त्या घरात आता बाबासाहेबांचं संग्रहालय आहे, तिथे तीनदा जाऊन आलोय. प्रिमरोज हिल आज श्रीमंत आहे, यात वादच नाही. टेकडीच्या पायथ्याशी चॅलकॉट स्क्वेअर नावाचा छोटा चौक आहे. गुलाबी, आकाशी, पिस्ता रंगांची घरं, मधे कुंपण घातलेली इवलीशी बाग. शनिवारी तिथे नुसतं उभं राहिलं तरी आपण कुणाच्या तरी लग्नाला विनाआमंत्रण आलोय असं वाटतं. रीजंट्स पार्क रोडवर केकचं दुकान, चीजचं दुकान, कुत्र्यांच्या कपड्यांचं दुकान. नव्वदच्या दशकात नट, गायक, मॉडेल मंडळी इथे राहायला आली आणि पेपरवाल्यांनी त्यांच्या कंपूला या वस्तीचंच नाव देऊन टाकलं.

पण १९२१ साली काय होतं? बाबासाहेब १९२० मध्ये दुसऱ्यांदा लंडनला आले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून मागे टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज एवढ्या शिदोरीवर. बसचे पैसे वाचवायला चालत जायचे. असा माणूस आजच्या प्रिमरोज हिलमध्ये एक रात्रसुद्धा काढू शकला नसता. मग तेव्हा कसा राहिला? माझा अंदाज असा की तेव्हा ही वस्ती अशी नव्हतीच. माहीतगारांनी लिहावं. पुढच्या महिन्यात वडील येताहेत, त्यांना काय सांगू?

पिंपळपान

जय भीम. चांगला धागा काढला तुम्ही. मी नागपूरची, आता रेडिंगला असते. १४ एप्रिलला दरवर्षी जातो आम्ही तिथे. बाहेर निळी पाटी आहे, १९२१-२२ मध्ये इथे राहिले म्हणून. दारातून आत पाय टाकला की माझ्या आईला पहिल्यांदा रडूच आलं. मागच्या बागेत पुतळा आहे, तिथे जाऊन बसली अर्धा तास.

तुमच्या मामांना एकच सांगा. धनंजय कीरांच्या चरित्रात आहे : रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की पत्र्यावर चार पापड भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. पापडसुद्धा ओळखीच्या एका माणसाने दिलेले. खोलीत सोबत असलेले अस्नोडकर झोपून जायचे, हे वाचत बसायचे. श्रीमंत वस्तीत राहणाऱ्याचं जेवण असं असतं काय बाप्पा?

नाकावर_टिच्चून

भावना समजू शकतो. पण घरासाठी महाराष्ट्र सरकारने तीस लाख पौंडांच्या वर मोजले २०१५ मध्ये. तेवढ्या पैशात इकडे किती वसतिगृहं झाली असती? एक प्रश्न विचारतोय, लगेच अंगावर येऊ नका.

पिंपळपान

अंगावर नाही येत. वसतिगृहांचा प्रश्न खराच आहे, तो दरवर्षी अधिवेशनात विचारा, मी सही करते. पण २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून आणली तेव्हा विचारला होता का तुम्ही वसतिगृहाचा हिशोब? मीसुद्धा नव्हता विचारला. मला आनंदच झाला होता. नागपूरची आहे मी.

नाकावर_टिच्चून

बरं. तलवारीचा मुद्दा मान्य. (किंमत बरीच कमी होती, तेवढं म्हणू द्या.)

रुळावरचा_माणूस

नमस्कार. मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. मुलगी वॉटफर्डला असते, तिच्याकडे येणंजाणं असतं. फुलपात्र, तुमचा अंदाज बरोबर आहे आणि त्याचं कारण रेल्वे आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

युस्टनहून बर्मिंगहॅमला जाणारी लाइन १८३७-३८ मध्ये झाली. रॉबर्ट स्टीफन्सनचं काम. प्रिमरोज हिलजवळ त्याला किलोमीटरभराचा बोगदा काढावा लागला, लंडनमधला रेल्वेचा पहिला बोगदा. आता गंमत बघा. तिथे टेकडी आहे म्हणून बोगदा, असं आपण समजतो. पण उघडी खोदाई केली असती तरी चाललं असतं. वरची जमीन ईटन कॉलेजची, म्हणजे त्या जुन्या नामांकित शाळेची होती, आणि कॉलेज म्हणालं, आमच्या जमिनीवर उद्या बंगले व्हायचेत, ती चिरून टाकू नका, खालून जा. शिवाय बोगद्याचं तोंडही शोभिवंत पाहिजे. म्हणून त्याला दगडी राजवाड्यासारखं तोंड केलंय. किंग हेन्री म्हणजे ईटन काढणारा सहावा हेन्री. आजूबाजूचे रस्ते बघा, ईटन रोड, प्रोव्होस्ट रोड, फेलोज रोड. सगळी कॉलेजचीच नावं.

एवढं करून कॉलेज एक गोष्ट विसरलं. बोगद्याच्या तोंडातून धूर निघतो! युस्टनहून कॅम्डेनपर्यंत चढ आहे. सुरुवातीची काही वर्षं, १८४४ पर्यंत, गाड्या दोरखंडाने वर ओढत, खाली इंजिन लावतच नसत. आपल्या बोर घाटाचा १:३७ चढ बघितलेल्या माणसाला तो चढ म्हणजे काहीच नाही, पण इंजिनाला दम लागायचाच. दम लागला की कोळसा जास्त, कोळसा जास्त की काजळी जास्त. त्यात कॅम्डेनचा लोको शेड शेजारीच. चॉक फार्मला ते गोल 'राउंडहाउस' आहे ना, नाटकं-गाणी होतात ते, ते १८४७ चं इंजिनं फिरवायचं घर.

आमच्या भुसावळला वाफेची इंजिनं होती तोवर आई पांढरे कपडे वाळत घालण्याआधी वारा कुठून आहे ते पाहायची. शेडकडून वारा असेल तर धोतर घरातच, दोरीवर. तरी संध्याकाळी खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं की बोट काळं. पोलीस चाळीत राहणारे लोक आमच्या चाळीकडे भाड्याने यायचे नाहीत, त्याला कारण तेच. भाडं कमी असायचं त्यालाही कारण तेच. प्रिमरोज हिलचं गणित यापेक्षा वेगळं नसणार.

कौलारू

काकांनी फारच छान लिहिलंय. मी वास्तुविशारद, लंडनमध्ये जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते. त्यांच्या गणितात थोडी भर.

ही घरं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बांधली ती खात्यापित्या कुटुंबांसाठी. तळघरात स्वयंपाकघर, माळ्यावर मोलकरणीची खोली, मधे मालक. चार मजल्यांचं घर चालवायला दोन-तीन नोकर लागायचे. पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळेनासे झाले, बायका कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या. मग एवढं घर ठेवायचं कशाला? खोली-खोली भाड्याने द्यायला लागले. न्हाणीघर एक, भाडेकरू सहा. १९२१ ला बाबासाहेबांना जी मिळाली असेल ती अशीच भाड्याची खोली. त्यात धूर. फिट्झरॉय रोडला तर पियानोचा कारखाना होता. पियानोचे कारखाने या भागात बरेच, कारण रेल्वे आणि कालवा दोन्ही हाताशी, लाकूड आणायला सोयीचं. म्हणजे मागच्या गल्लीत सरस उकळतोय आणि पुढच्या खिडकीत काजळी.

हे सगळं कधी पालटलं? माझ्या कामात जुन्या भिंतींचे थर खरवडावे लागतात. या भागातल्या एका घरात (किंग हेन्रीज रोड नव्हे) बाहेरचा रंग काढत होतो. वरचा गुलाबी, खाली मलई, त्याखाली आणखी एक मलई, आणि त्याखाली काळा. मुकादम म्हणाला, काळा रंग कोणी लावलाय? रंग नव्हताच तो. हात लावला तर पीठ झालं.

१९५६ मध्ये धुराविरुद्ध कायदा आला. त्याआधी १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये धुरक्याने हजारो माणसं मेली होती. १९६६ पर्यंत युस्टनची लाइन विजेवर गेली, १९६८ ला ब्रिटिश रेल्वेची वाफ संपली. भिंती पांढऱ्या ठेवता येतात म्हटल्यावर लोकांना ही घरं दिसायला लागली! आधी लेखक, चित्रकार, शिक्षक आले, कारण स्वस्त. मग वकील. मग बँकवाले. आता मी ज्यांच्यासाठी काम करते त्यांतले काही वर्षातून सहा आठवडे घरात असतात.

अर्धा_कप

वाचतेय. काका, अजून येऊ द्या.

अवांतर : मार्क्सचा साथीदार एंगल्स इथेच राहत होता ना? म्हणजे साम्यवादाचा खर्च श्रीमंत वस्तीतून चालायचा :)

कौलारू

हो, १२२, रीजंट्स पार्क रोड, १८७० ते १८९४. मार्क्स दहा-पंधरा मिनिटांवर, मेटलंड पार्कला. पण एंगल्स गिरणीत भागीदार होता, त्याला आख्खं घर परवडायचं. खोलीवाल्यांत त्याला धरू नका. खोलीवाल्यांत धरायचं तर कवयित्री सिल्व्हिया प्लॅथ, १९६० ला चॅलकॉट स्क्वेअरच्या एका लहानशा फ्लॅटमध्ये. आज त्याच फ्लॅटचं भाडं किती असेल याचा विचार कवीमंडळींनी न केलेला बरा.

तिसरी_घंटा

टिळकांचं घर पण असंच कुठेतरी उच्चभ्रू भागात आहे ना? की तीही अफवा?

फुलपात्र

अफवा नाही. १०, हॉवली प्लेस, मेडा व्हेल. पत्रकार चिरोलविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी १९१८-१९ मध्ये होते तेव्हाचं. तिथेही निळी पाटी आहे, पण आत जाता येत नाही, लोक राहतात. सावरकरांचं इंडिया हाउस हायगेटला, तेही आता महागड्या टेकडीवर. लंडनमधल्या आपल्या सगळ्या पाट्या आज महाग भागात सापडतात. पाटी लागेपर्यंत वस्तीच बदललेली असते.

नाकावर_टिच्चून

मग शेजाऱ्यांनी तक्रार केली होती ती कशाबद्दल? संग्रहालय बंद पाडणार अशा बातम्या होत्या. तेव्हा इकडे 'लंडनमध्येही जातिभेद' असे मथळे झळकले होते.

कौलारू

ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण दोन्ही बाजूंनी बरंच काहीबाही लिहिलं गेलंय.

राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर इथे वापरबदलाची परवानगी लागते. आपल्याकडे जमीन एनए (बिगरशेती) करतात तसंच समजा, फक्त जमिनीऐवजी इमारतीचं. घर २०१५ मध्ये घेतलं, नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, परवानगीचा अर्ज मागाहून गेला. २०१८ मध्ये कॅम्डेन काउन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, तो फेटाळला. कागदावरचं मुख्य कारण : राहण्याची जागा कमी होते. लंडनमध्ये घरांचा इतका तुटवडा आहे की राहतं घर दुसऱ्या वापराला देणं काउन्सिलच्या धोरणात बसत नाही. हे कारण खोटं नाही, मी स्वतः दोन अर्ज याच कारणाने गमावलेत. शेजाऱ्यांची तक्रार निराळी : बस भरभरून माणसं येतील, गडबड होईल.

मग अपील. २०१९ च्या सप्टेंबरात जाहीर चौकशी झाली, दोन्ही बाजूंचे वकील, साक्षी, सगळं. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. संग्रहालय राहिलं.

आता माझं मत. काउन्सिलचा नियम जातीवरून नव्हता. पण 'बस भरभरून माणसं येतील' हे वाक्य ज्या रस्त्यावर बोललं गेलं, तिथे एके काळी एकेका घरात सहा-सहा भाडेकरू राहायचे. तेव्हा गर्दीचं कुणाला वावडं नव्हतं, भाडं येत होतं. आणि राहण्याची जागा कमी होते म्हणाल, तर त्याच भागात दोन घरं जोडून एक करणारे लोक मी बघितलेत. तिथे एक कुटुंब कमीच होतं की.

पिंपळपान

हे शेवटचं मी चिकटवून ठेवणार आहे कुठेतरी.

बस भरून माणसं येतात हे खरं आहे बरं का. आम्हीच येतो. पण दारात चपला कशा ओळीत लावलेल्या असतात ते त्यांनी येऊन बघावं. शेजारच्या एका आजींनी एकदा आमच्यातल्या लहान पोरीला विचारलं, आज काय आहे? तिने सांगितलं, हॅपी बर्थडे आहे. आजी म्हणाल्या, कोणाचा? पोरीने आतल्या फोटोकडे बोट दाखवलं. आजी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मी इतकी वर्षं पाटी वाचत होते, चेहरा आज बघितला.

दुधावरची_साय

श्रीमंत वस्ती म्हणताय तर दोन मिनिटं माझंही ऐका. मी वृद्धांची काळजी घेण्याचं काम करते, त्याच भागात. किंग हेन्रीज रोडला समांतर अॅडलेड रोड आहे. तिथे काउन्सिलचे पाच टॉवर आहेत, चॅलकॉट्स इस्टेट. साठच्या दशकातले. ईटनचे जुने भाडेपट्टे संपत आले तेव्हा बंगले पाडून उभे केलेले. ब्रे, डॉर्नी, टॅप्लो, बर्नहॅम ही त्यांची नावंसुद्धा ईटनच्या आसपासच्या गावांची.

माझ्या एक आजी तिथे बाराव्या मजल्यावर राहायच्या. जून २०१७ मध्ये लंडनमधलाच ग्रेनफेल हा राहत्या घरांचा टॉवर जळाला, त्यानंतर नऊ दिवसांनी, शुक्रवारी रात्री, या टॉवरांमधल्या लोकांना बाहेर पडायला सांगितलं, बाहेरचं आवरण तसंच धोक्याचं म्हणून. पाचपैकी चार रिकामे केले. शेकडो कुटुंबं. बरीच मंडळी स्विस कॉटेजच्या लेझर सेंटरमध्ये हवेच्या गाद्यांवर झोपली. मी शनिवारी सकाळी गेले तर आजी बॅडमिंटन कोर्टाच्या पांढऱ्या रेषेवर खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर पोपटाचा पिंजरा, त्यावर टॉवेल. औषधांची पिशवी वर राहिली होती, पोपट मात्र आणला होता.

तर फुलपात्र, वडिलांना रस्त्याची एकच बाजू दाखवू नका.

फुलपात्र

हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी ३१ नंबरच्या बसने त्या टॉवरांसमोरून जातो आणि फोनमध्ये बघत असतो. धन्यवाद.

अर्धा_कप

पोपटाचं काय झालं?

दुधावरची_साय

पोपट मजेत होता. आजी गेल्या २०२१ ला. पोपट आता त्यांच्या नातीकडे आहे, अजून केअरर आली की 'शूज ऑफ' ओरडतो.

तिसरी_घंटा

व्यावहारिक प्रश्न. आईवडिलांना घेऊन जायचंय, गुडघ्यांचा त्रास आहे. टेकडी चढवेल का?

कौलारू

टेकडी म्हणजे आपली पर्वतीसुद्धा नव्हे. समुद्रसपाटीपासून साठ-पासष्ट मीटर, डांबरी वाट, मधे बाकं. पायऱ्या नाहीत. वर गेलात की समोर आख्खं लंडन. तिथून सेंट पॉल चर्चचा घुमट दिसलाच पाहिजे असा नियम आहे, म्हणून त्या रेषेत उंच इमारत बांधता येत नाही. एकेका मजल्यासाठी बिल्डर त्या रेषेशी कसे भांडतात ते मी बघितलंय. टेकडी कुणाच्या मालकीची झाली नाही कारण १८४२ मध्ये सरकारने ती ईटनकडून लोकांसाठी घेतली. नाहीतर आज वरही गुलाबी घरं असती.

रुळावरचा_माणूस

फुलपात्र, एक काम करा. चॉक फार्म स्टेशनला उतरलात की आधी रेल्वेवरचा पादचारी पूल लागेल. वडिलांना तिथे दोन मिनिटं उभं करा, खालून गाडी जाऊ द्या. मग घराकडे जा. आणि तिथल्या एखाद्या खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवून बघा आणि मला सांगा.

फुलपात्र

(साडेतीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. आळस केला लिहायला, माफ करा.

पुलावर थांबलो. एक लांब गाडी खालून गेली, नुसता सूं असा आवाज. वडील म्हणाले, एवढंच? मी काकांचा चढ, दोरखंड, शेड सगळं सांगितलं. ते ऐकत होते पण लक्ष पुलाच्या कठड्यावरच्या रंगरंगोटीकडे होतं.

घरात पाऊण तास होतो. वडील दर फोटोपाशी थांबले, चष्मा काढून, परत लावून. मग बाहेर आल्यावर म्हणाले, इथून विद्यापीठ किती लांब? मी म्हटलं, ब्रिटिश म्युझियमच चार-साडेचार किलोमीटर, कॉलेज त्याच्याही पुढे. म्हणाले, चल. सत्तरीचा माणूस. मी बस दाखवत राहिलो, ते चालत राहिले. कॅम्डेनला मी हरलो आणि त्यांना ट्यूबमध्ये बसवलं. रात्री ग्रुपवर त्यांनी मामांना उत्तर दिलं. फॉरवर्ड नाही, स्वतः टाइप केलेलं, त्यामुळे चुका भरपूर : 'मी आज अर्ध चाललो. दुपारी जेवुन चाललो. ते उपाशी चालले.' मामांनी अंगठा दिला. लोणच्याची गरज पडली नाही.

अॅडलेड रोडने परत आलो. टॉवर दाखवले, पोपटाची गोष्ट सांगितली.

आणि काका, खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं. तिथले एक गृहस्थ विचारत होते काय शोधताय म्हणून, त्यांना काजळी म्हटलं तर विचित्र नजरेने बघितलं. बोटाला पिवळट धूळ लागली, काळं काही नाही. वडील म्हणाले झाडाचा पराग असेल.

रुळावरचा_माणूस

पराग असेल तर मे महिना. सप्टेंबरात येतोय मुलीकडे. पट्टीच्या खालच्या बाजूला बघायला हवं होतं, वरची रोज पुसतात. मी बघतो.